कॉर्नेटमधली माशी

इंडियाना, ५ एप्रिल १९२३

क्लेमांस,

वाल्सँचा कॉर्नेट सापडला.

माझी आधीची पत्रं तू न फोडता परत पाठवलीस, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. पाकिटाच्या मागेही हीच ओळ ठळक अक्षरांत लिहिली आहे. पोस्टमनने वाचली तर वाचू दे, पण तुला कळलंच पाहिजे. अक्षर वाकडं आलं असेल तर दारूचा संशय घेऊ नकोस. या गावात ताकाशिवाय काही मिळत नाही.

आमचा बँड शिकागोहून इथे ग्रामोफोनच्या तबकड्या भरायला आला आहे. गावातल्या हॉटेलात आपल्या रंगाच्या लोकांना जागा नाही, तेव्हा मिसेस पर्डी नावाच्या एका विधवेकडे उतरलो आहोत. मी तिच्या स्वयंपाकघरात बसून हे लिहितोय आणि टेबलाच्या पलीकडे थिओफील मक्याची पेज ओरपतोय. थिओफील रुबियाँ म्हणजे आमच्या बँडचा म्होरक्या. तू त्याला पाहिलं आहेस. वाल्सँला कबरीपर्यंत पोचवायला आलेल्या बँडमध्ये तो होता आणि आईच्या, आपल्या मामाँच्या वेळीही होता. पितळी कॉर्नेटवर पांढरा रुमाल टाकून फुंकतो, तोच. आपली बोटं कशी पडतात ते कुणी चोरू नये म्हणून तो रुमाल टाकतो, हे न्यू ऑर्लिन्सपासून शिकागोपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मीही तेच समजत होतो. किती वेळा त्याची थट्टा केली आहे मी त्यावरून.

तबकडी भरायची खोली म्हणजे रुळांलगतची एक पडवी. मेण मऊ राहावं म्हणून ती भट्टीसारखी तापवलेली असते. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असतो आणि त्याच्या मागे मेणाची चकती फिरते. ज्याचा आवाज मोठा त्याने कर्ण्यापासून लांब उभं राहायचं, म्हणून थिओफीलला पार मागच्या कोपऱ्यात, आमच्या पाठीमागे उभा केला. तिथला माणूस म्हणाला, ते फडकं काढ, ते आवाज खातंय. थिओफील ऐकेना. माणूस म्हणाला, अरे सगळे तुझ्या पुढे आहेत, तुझी बोटं बघायला कुणाला डोक्यामागे डोळे आहेत? तेव्हा कुठे त्याने रुमाल काढला.

गाणं झालं. त्या माणसाने विचारलं, ऐकायचंय का? मात्र मेण एकदा वाजवलं की ते गेलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाजवावं लागेल. आम्ही एका तोंडाने हो म्हणालो. आमच्यातल्या एकानेही जन्मात स्वतःला ऐकलं नव्हतं. ट्राँबोनवाला तर आपला आवाज ऐकून आजारी बैलाला हसावं तसा हसत सुटला. आणि मग तो वरचा सूर आला आणि त्यात माशी होती.

क्लेमांस, माशी. मी लहानपणी गॅलरीतून कॉर्नेट खाली पाडला, ओन्सीमकाकांनी पत्र्याच्या दुकानात कथलाचा डाख देऊन त्यावर घेवड्याच्या दाण्याएवढं ठिगळ बसवलं, आणि तेव्हापासून त्या एका सुराला ते ठिगळ झणझणायला लागलं. बाटलीत माशी अडकावी तसं. वाल्सँ म्हणायचा, ही माझी पाळलेली माशी. त्या कर्ण्यातून ती बाहेर आली. बाकीचे टाळ्या वाजवत होते. मी उठून कोपऱ्यात गेलो. थिओफील घाईघाईने रुमाल बांधत होता, पण ठिगळ मला दिसलं. घेवड्याचा दाणा. मी ते डोळे मिटून हाताने ओळखेन.

मेलेल्या भावाच्या छातीवर तो कॉर्नेट मी ठेवला होता. वाल्सँने मरताना माझ्याकडून तसं वचन घेतलं होतं, की दुसऱ्या कुणाच्या थुंकीने हा वाजता कामा नये. झाकण मीच ठोकलं. मग वर्ष नि एक दिवस उलटल्यावर, आपल्याकडे एकच कबर घरातल्या सगळ्यांना पुरते तशी, मामाँसाठी तीच कबर उघडली. वाल्सँची हाडं निघाली आणि कॉर्नेटच्या जागी मामाँची हरवलेली इस्त्री निघाली, दांड्याला तांब्याची तार गुंडाळलेली. 'पितळ कुजत नाही, ऑक्टाव,' एवढंच तू म्हणालीस आणि मर्तिकाचा खर्च उचलणाऱ्या सगळ्या सोसायटीसमोर माझ्या थोबाडीत मारलीस. एक प्रश्न विचारला नाहीस. आधीच ठरवून आल्यासारखी होतीस. त्या संध्याकाळी मी शिकागोची गाडी धरली.

आत्ताच थिओफीलने विचारलं, कुणाला लिहितोयस? मी म्हटलं, बहिणीला. त्याने चमचा खाली ठेवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

तुझा भाऊ (तू म्हण किंवा म्हणू नकोस),
ऑक्टाव

*

शिकागो, ९ एप्रिल १९२३

क्लेमांस,

मी त्याला मारलं.

स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. मी विचारलं, कॉर्नेट कुठून आणलास? म्हणाला, मिळाला. कुणी दिला? गप्प. कबर फोडलीस का? तेव्हा मान हलवली, नाही म्हणून. मग दिला कुणी? तर म्हणाला, 'मी शब्द दिलाय, ऑक्टाव. मला विचारू नकोस.' शब्द. माझ्या भावाच्या छातीवरून उचललेली वस्तू काखेत घेऊन हा मला शब्दाच्या गोष्टी सांगत होता. माझा हात सुटला आणि तो त्याच्या तोंडावर बसला.

माझ्यासारख्या क्लॅरिनेटवाल्याने कॉर्नेटवाल्याच्या ओठावर मारायचं नसतं. शिंप्याचा डोळा फोडण्यातलाच प्रकार तो. ओठ फाटला आणि रक्त शर्टावर सांडलं. ट्राँबोनवाल्याने मला मागून धरलं आणि नको नको त्या शिव्या दिल्या. पण ज्याने माझी झोप उडाली आहे ते सांगतो. मी हात उगारला तेव्हा थिओफीलने तोंड झाकलं नाही. त्याने दोन्ही हातांनी कॉर्नेट पोटाशी धरला आणि पाठ वाकवली. बाई लेकराला धरते तसा. चोर असं करतो का गं?

आता बँड बसून आहे. मला सगळे टाळतात. खोलीवर पडून मी एकच विचार करतोय. शिकागोला आलो तेव्हा याच्या दाराशी क्लॅरिनेटवाल्यांची रांग होती. याने मला एक सूरही वाजवायला लावला नाही. नाव विचारलं, मी डेलील म्हटलं आणि हा म्हणाला, उद्यापासून ये. मला वाटलं माझी कीर्ती माझ्या आधी पोचली. माझा गाढवपणा बघ. तू मला मारलंस तेव्हा हा तिथेच हाताच्या अंतरावर उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. कॉर्नेट त्या वेळी त्याच्याच हातात होता, रुमालाखाली. माझं तोंड काळं होत होतं आणि ज्या वस्तूसाठी होत होतं ती तिथेच होती.

तुला हे का लिहितोय ते मलाही कळत नाही. पुरावा काही नाही. ज्या मेणात माशी होती ते आम्हीच ऐकून संपवलं.

ऑक्टाव

*

शिकागो, २२ एप्रिल १९२३

क्लेमांस,

बसून वाच. एकटी असताना वाच.

काल थिओफीलची बायको आयडेला माझ्या खोलीवर आली. अंगाने दांडगी, चर्चमध्ये गाणारी बाई आहे. दारातूनच म्हणाली, 'ऊठ रे मारकुट्या. चल घरी. याने शब्द दिलाय, मी नाही दिला.' आणि खरोखर बाही धरून मला जिना उतरवला. त्यांच्या घरी थिओफील खिडकीशी बसला होता, ओठ टरारून सुजलेला. आयडेला म्हणाली, आता तू सांगतोस की मी सांगू? मी सांगितलं तर जास्त मीठ लावून सांगेन. मग तो फाटक्या ओठाने हळूहळू बोलायला लागला.

कॉर्नेट मामाँने दिला.

मी हे वाक्य लिहून तासभर नुसता बसलो होतो. पुन्हा लिहितो. कॉर्नेट आपल्या मामाँने दिला. आठवतं, वाल्सँला न्यायच्या आधी तिने सगळ्यांना खोलीबाहेर काढलं होतं? मला लेकरापाशी एकटीला प्रार्थना करू द्या, म्हणाली. आपण दोघं ओसरीवर उभे राहून रडत होतो. तिने प्रार्थना केली असेल, नसेल. कॉर्नेट तिने शालीत गुंडाळला, त्या जागी चादरीखाली इस्त्री ठेवली, म्हणजे तिथे चादर सपाट दिसू नये आणि मी झाकण ठोकताना मला काही कळू नये. मग ती मागच्या खिडकीत आली. खाली अंगणात बँडवाले पाणी पीत होते. थिओफीलचा कॉर्नेट तेव्हा तारेने बांधलेला होता, निम्मी हवा फटींतून जायची. मामाँने त्यालाच हाक मारली, का ते त्यालाही माहीत नाही. त्याच्याहून नाव काढलेले तिथे कितीतरी होते. ती म्हणाली:

'माझ्या पोराचा श्वास गेला तेवढा पुरे. या कॉर्नेटचा जायला नको. पण माझ्या ऑक्टावने भावाला वचन दिलंय, त्याला कळलं तर तो मोडून पडेल. कुणाला सांगायचं नाही. मला पोचवायच्या दिवशी मात्र हाच वाजव.'

त्या दिवसापासून रुमाल आहे. त्याखाली ठिगळ आहे, बोटं नाहीत. आणि सगळ्या जगाने बोटांची गोष्ट करून टाकली, आणि हा गप्प बसला, कारण ती गोष्ट सोयीची होती. रुमालाने माशीही दबायची. तो म्हणतो, फक्त मामाँसाठी उघडा वाजवायचो. शनिवारी नाचाची जाहिरात करत बँडची गाडी गावात फिरायची तेव्हा आपल्या कोपऱ्यावर एक कडवं. आणि तिला कबरीकडे नेली तेव्हा फाटकाशी शेवटचं कडवं, कारण शब्द दिला होता. त्यानंतर थेट त्या तापल्या खोलीत. मग मी विचारलं, माझ्या थोबाडीत बसली तेव्हा तुझी जीभ का नाही उचलली? तो म्हणाला, 'कबर उघडी होती, ऑक्टाव. तुमची आई अजून आत गेली नव्हती. तिच्या तोंडावर तिला काय म्हणणार होतो मी?' आणि मग म्हणाला, तुला बँडमध्ये घेतला, मला तेवढंच सुचलं.

मी त्याच्या ओठाकडे बघू शकलो नाही.

क्लेमांस, मला अजून धक्का पचलेला नाही. चर्चमधलं फूलसुद्धा न तोडणारी मामाँ. ज्या हातांनी तिने तो उचलला त्याच हातांनी नंतर वर्षभर मला भेंडीचं सार वाढलं. मी बोटीवरच्या बँडमधून सुट्टीला यायचो, ती विचारायची, वाल्सँची आठवण येते का? मी म्हणायचो, कॉर्नेट आहे त्याच्यापाशी, तो सुखात असेल. ती माझ्या ताटात अजून एक डाव वाढायची. काय वाटत असेल तिला? मला राग येतोय तिचा, आणि तो कुणावर काढू? चोर सोडून संन्याशाला सुळी दिली म्हणून इतके दिवस तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आता चोरही असा निघाला की तिच्या पाया पडावं.

माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. माझ्यापाशी दाखवायला अजूनही काही नाही.

ऑक्टाव

*

शिकागो, १८ जून १९२३

क्लेमांस,

सोबत एक तबकडी आहे. दोन फळ्यांमध्ये, जुन्या रजईत बांधून पाठवतोय, मिसेस पर्डीने रजई दिली. तडा गेला नसेल अशी आशा.

थिओफीलचा ओठ भरून आला. मध्ये एक व्रण राहिला आहे आणि तो म्हणतो की त्यामुळे वरचे सूर आता जरा कष्टाने लागतात. मी माफी मागितली तर म्हणाला, असू दे, तुझ्या बहिणीकडून तुला बसलेली तू माझ्यापर्यंत पोचवलीस.

इंडियानाला पुन्हा गेलो. या खेपेला त्या माणसाने सांगायच्या आधीच थिओफीलने रुमाल काढला, घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवला. ट्राँबोनवाला वाकून बघायला लागला. ठिगळ दिसल्यावर त्याचं तोंड पडलं. म्हणाला, म्हणजे बोटांत काहीच नाही? मी उगाच आरशासमोर सराव करत मेलो की. सगळे हसले. मी हसता हसता बाहेर जाऊन रडून आलो.

या वेळी त्या माणसाने विचारलं, ऐकायचंय? कुणी हो म्हणायच्या आत मी ओरडलो, नाही. मेणाला कुणी हात लावायचा नाही.

दुसऱ्या बाजूचं गाणं लाव. क्लॅरिनेट थांबेपर्यंत थांब. तो मी आहे, मला सोडून दे. त्यानंतर कॉर्नेट एकटा वर चढतो. मी आणखी काही सांगणार नाही. तुझे कान माझ्यापेक्षा चांगले होते हे वाल्सँही म्हणायचा.

परत पाठवलीस तर मोडूनच पाठव.

ऑक्टाव

*

न्यू ऑर्लिन्स, ९ जुलै १९२३

ऑक्टाव,

तबकडी शाबूत आली. रजईला मात्र उंदराचा वास आहे, त्या बाईला सांग.

आपल्याकडे यंत्र नाही. शेजारच्या मादाम आर्सेनने नवं घेतलंय, तिच्याकडे गेले. तुला आठवत असेल, इस्त्री हरवली तेव्हा मामाँ म्हणाली होती की मादाम आर्सेनला उसनी दिली. मी जाऊन त्या बाईशी कचाकचा भांडले होते. तिने आजवर ते काढलं नाही. काल तिनेच तबकडी लावली, मला खुर्ची दिली आणि स्वतः चुलीपाशी जाऊन उभी राहिली.

माशी आली. मी सुई उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा आली. मादाम आर्सेन म्हणाली, अगं चर पडेल त्यावर. पडू दे म्हटलं.

तू लिहिलंस की मी एक प्रश्न विचारला नाही, आधीच ठरवून आल्यासारखी होते. आले होते. कबरस्तानाच्या फाटकाशी, शेवटच्या कडव्याला, मला ती माशी ऐकू आली होती. तू रडत होतास, तुला ऐकू आली नाही. मला वाटलं माझं डोकं फिरलं, मेलेला वाल्सँ आईला न्यायला आला. मी क्रूसाची खूण केली. मग पाच पावलांवर कबर उघडली आणि त्यातून इस्त्री निघाली. तेव्हा कळलं की डोकं फिरलेलं नाही, कॉर्नेट खरोखर बाहेर आहे, कुणाच्या तरी हातात आहे. आणि झाकण तू ठोकलं होतंस. मला आणखी कुठला पुरावा हवा होता? मामाँने स्वतःसाठी मागून घेतलेला सूर, आणि मी त्यावरून तुला चोर ठरवलं. हे कळल्यापासून रात्रंदिवस तो हात बघत बसते, ज्याने तुला मारलं.

आणि एक. तुला हे माहीत नाही, तू बोटीवर असायचास. इस्त्र्या दोन होत्या तेव्हा एक चुलीवर तापायची, एक चालायची, मामाँचा हात कधी थांबायचा नाही. इस्त्री गेल्यावर एकच उरली. शनिवारी मी कपड्यांचे गठ्ठे पोचवून परत यायचे तर काम तसंच पडलेलं आणि ही पुढच्या पायरीवर बसलेली, हात मांडीवर, मान एका बाजूला कललेली. बँडची गाडी तेवढ्यात कोपऱ्यावरून वळून गेलेली असायची. मी ओरडायचे, मामाँ, ती इस्त्री परत आण नाहीतर दुसरी घे. ती म्हणायची, 'असू दे गं. ही तापेपर्यंत मला जरा बसायला मिळतं.'

मी तिला आळशी म्हटलं होतं, ऑक्टाव. म्हातारी झालीस, आळशी झालीस म्हटलं होतं. ती हसली होती.

कबरीतून निघालेली इस्त्री मी तेव्हा रागाने परसात फेकली होती. आज शोधून काढली. गंज चढला आहे, पण तार तशीच आहे. वाळूने घासून चुलीवर ठेवली आहे.

सर्व संतांच्या दिवशी कबरीला चुना लावायचा असतो. या वर्षी तू ये, एकटीने मला ते होणार नाही. तुझे चार शर्ट घेऊन ये, शिकागोत कोण कशी इस्त्री करतं ते मला माहीत आहे. आणि थिओफीलला घेऊन ये. त्याला म्हणावं, कॉर्नेट आण, रुमाल आणू नकोस.

क्लेमांस